डिस्क जोडलेली, पण माउंट नाही: बॅकअपच्या एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण जुन्या ध्वनिमुद्रणांचं डिजिटायझेशन करणाऱ्या एका लहान संस्थेतलं आहे. संस्थेची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, तांत्रिक घटनाक्रम मात्र आहे तसा ठेवला आहे. टेपवरचा आवाज संगणकावर घ्यायचा, त्याची नोंद कॅटलॉगच्या डेटाबेसमध्ये करायची आणि मूळ फाइल जपून ठेवायची, हे तिथलं रोजचं काम. टेप जुन्या होतात, त्यांचा थर सुटतो आणि काही टेप एकदा वाजवल्यावर पुन्हा वाजवण्याजोग्या उरत नाहीत. तिथे हरवलेली फाइल पुन्हा तयार करता येईलच असं नाही, म्हणून बॅकअपबद्दल सगळेच हळवे होते, आणि ते योग्यच होतं.

सर्व्हर एकच, लिनक्सचा. रूट फाइल सिस्टम (जिच्यावर खुद्द लिनक्स असतं ती) ६० जीबीच्या स्वतंत्र पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) आणि ध्वनिफाइलींचा साठा वेगळ्या मोठ्या डिस्कांवर. बॅकअपसाठी दोन यूएसबी डिस्का होत्या. एक सर्व्हरला जोडलेली असायची आणि दुसरी इमारतीबाहेर ठेवलेली असायची. दर आठवड्याला त्यांची अदलाबदल व्हायची. रोज रात्री आरसिंक (फाइलींच्या प्रती करणारा प्रोग्राम) चालायचं आणि ‘लिंक-डेस्ट’ पर्यायामुळे आदल्या रात्रीच्या प्रतीतल्या न बदललेल्या फाइलींना फक्त हार्ड लिंक (त्याच मजकुराला दुसरं नाव) जोडली जायची. त्यामुळे रोजच्या बॅकअपला जागा थोडीच लागे.

डिस्क माउंट करण्याची, म्हणजे तिच्यावरचा मजकूर एखाद्या डिरेक्टरीच्या (फोल्डरच्या) नावाखाली वापरात आणण्याची व्यवस्था जुनी आणि सरळ होती. ईटीसी डिरेक्टरीतल्या एफएसटॅब फाइलमध्ये (काय कुठे माउंट करायचं याच्या यादीत) डिस्कसाठी एक ओळ होती. दोन्ही डिस्कांना एकच लेबल दिलं होतं, त्यामुळे तीच ओळ दोघींना चालायची. बूट होताना डिस्क जोडलेली असेल तर ती आपोआप माउंट व्हायची. आठवड्याच्या अदलाबदलीचं काम मात्र हाताने: आधी अनमाउंटची आज्ञा, मग केबल काढणे, दुसरी डिस्क जोडणे, मग माउंटची आज्ञा. ही कृती एका कागदावर लिहून सर्व्हरशेजारी चिकटवलेली होती.

अडचण

एका सकाळी कॅटलॉग उघडेना. डेटाबेस बंद पडला होता आणि लॉगमध्ये डिस्कवर जागा नसल्याचा संदेश होता. तिथल्या तंत्रसाहाय्यक बाईंनी ‘डीएफ’ (भरलेल्या जागेचा हिशोब देणारी आज्ञा) चालवून पाहिलं, तर रूट फाइल सिस्टम शंभर टक्के भरलेली. मग जागा कशाने खाल्ली हे शोधायला त्यांनी ‘डीयू’ (फाइलींचे आकार मोजणारी आज्ञा) चालवलं. त्याची बेरीज आली जेमतेम १९ जीबी. फोनवर त्या मला म्हणाल्या, “सर, एक आज्ञा म्हणते साठ भरलेत, दुसरी म्हणते एकोणीस. मधले चाळीस कुठे गेले?”

घाईत एक उपाय झाला: सर्व्हर रीस्टार्ट करायचा. त्याआधी कुणीतरी यूएसबी डिस्क काढून बाजूला ठेवली, तिला धक्का लागू नये म्हणून. हेतू चांगला होता. पण एफएसटॅबमधल्या त्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी बूट पुढे जाऊ दे) हा पर्याय नव्हता. सिस्टमडीने (लिनक्समध्ये बूट आणि सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) डिस्कची नेहमीप्रमाणे ९० सेकंद वाट पाहिली, डिस्क आली नाही, आणि बूट आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन थांबलं. आता डेटाबेसच काय, सर्व्हरवर दुरून लॉगिनही होईना. ज्या डिस्कचा रोजच्या कामाशी संबंधच नाही, तिच्या गैरहजेरीने सगळं काम थांबलं होतं.

निदान

डिस्क परत जोडून सर्व्हर वर आणला आणि मग शांतपणे हरवलेल्या चाळीस जीबींचा शोध घेतला. अशा वेळी सहसा दोन शक्यता असतात. एक म्हणजे फाइल पुसलेली असते, पण कुठली तरी प्रोसेस (चालू प्रोग्राम) ती उघडी धरून बसलेली असते. रीस्टार्टनंतरही जागा भरलेलीच होती, म्हणून ही शक्यता गळाली. दुसरी शक्यता अशी की फाइली एखाद्या माउंट पॉइंटच्या खाली दडलेल्या असतात.

माउंट पॉइंट ही आधी एक साधी डिरेक्टरी असते. तिच्यावर डिस्क माउंट केली की त्या नावाखाली डिस्कवरचा मजकूर दिसतो आणि डिरेक्टरीत आधीपासून असलेलं काहीही झाकलं जातं. ते नष्ट होत नाही, जागाही सोडत नाही, फक्त दिसत नाही. ‘डीयू’ नावांच्या वाटेने चालत जातं, म्हणून त्याला ते सापडत नाही. ‘डीएफ’ थेट फाइल सिस्टमलाच विचारतं, म्हणून त्याच्या हिशोबात ते येतं. दोन आकड्यांतली तफावत त्यामुळेच.

खात्री करायला रूट फाइल सिस्टम दुसऱ्या एका रिकाम्या डिरेक्टरीवर बाइंड माउंट केली. साध्या बाइंड माउंटमध्ये वरचे इतर माउंट सोबत येत नाहीत, त्यामुळे झाकलेली मूळ डिरेक्टरी उघडी दिसते. तिथे बॅकअपच्या नावाची डिरेक्टरी उघडली आणि आत त्या रात्रीच्या तारखेचं फोल्डर होतं. शेवटची ध्वनिफाइल अर्धवट तुटलेली, कारण तिथेच जागा संपली होती.

मग घटनाक्रम जुळला. आदल्या संध्याकाळी अदलाबदल झाली होती. जुनी डिस्क व्यवस्थित अनमाउंट केली, नवी जोडली, तेवढ्यात दुसरं काम आलं आणि शेवटची माउंटची आज्ञा राहून गेली. डिस्क जोडलेली होती, दिवा लागलेला होता, कागदावरच्या चारपैकी तीन पायऱ्या झाल्या होत्या. रात्री आरसिंक रिकाम्या डिरेक्टरीपाशी आलं. आदल्या रात्रीची प्रत तिथे नव्हती. अशा वेळी ‘लिंक-डेस्ट’ फक्त एक इशारा छापतं आणि पुढे जातं. लिंक जोडायला काहीच नाही म्हणून त्याने संपूर्ण साठा नव्याने उतरवायला सुरुवात केली, रूट फाइल सिस्टमवर. सकाळी आल्यावर बाईंनी डिस्क माउंट झालेली नाही हे पाहून ती माउंट केली, आणि भरलेलं फोल्डर तिच्याखाली झाकलं गेलं.

या जागी थोडं थांबावंसं वाटतं. अनमाउंट विसरलं तर निदान कुठे तरी तक्रार येते, डिस्क काढताच लॉगमध्ये त्रुटी उमटतात. माउंट विसरलं तर कुणीच तक्रार करत नाही. डिरेक्टरी असते, तिच्यात लिहिता येतं, आज्ञा यशस्वी होते. माणसाने पायरी विसरणं ही या प्रकरणातली मूळ चूक मानली, तर उपाय म्हणून कागदावर लाल अक्षरात आणखी एक ओळ येईल, आणि पुढच्या धावपळीच्या संध्याकाळी तीही राहील. लिहिणाऱ्या प्रोग्रामला ‘खरी डिस्क समोर आहे का’ हे कळण्याची सोयच नव्हती, हा या व्यवस्थेतला दोष होता.

तपासलेले पर्याय

पहिला विचार डेस्कटॉपवर असते तशा सोयीचा. डिस्क जोडली की यूडिस्क्स (डिस्क हाताळणारी सेवा) तिला रन-मीडिया या जागी वापरकर्त्याच्या नावाखाली माउंट करतं. पण ही सोय लॉगिन केलेल्या डेस्कटॉप सत्राच्या भरवशावर चालते. रात्री सर्व्हरवर कुणीच लॉगिन नसतं. शिवाय त्या नावाची जागा आधीच असेल तर नव्या माउंटच्या नावापुढे आकडा लागतो आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमधला मार्ग चुकतो. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

दुसरा पर्याय यूडेव्हचा, म्हणजे उपकरण जोडल्याची दखल घेणाऱ्या सेवेचा नियम. डिस्क दिसली की नियमातूनच माउंटची आज्ञा चालवायची. इंटरनेटवर ही पाककृती जुन्या काळापासून फिरते आहे. आजच्या सिस्टमडीमध्ये यूडेव्हची सेवा स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालते. तिथून केलेला माउंट तिथेच दिसतो, बाकी सर्व्हरला दिसत नाही. आज्ञा यशस्वी झाल्याचं लॉग म्हणतो आणि डिरेक्टरी रिकामी राहते, म्हणजे आपण ज्या आजारावर औषध शोधत होतो तोच आजार.

तिसरा पर्याय ऑटोएफएस. याची डिमन (पार्श्वभूमीत चालणारी) प्रोसेस एका डिरेक्टरीवर लक्ष ठेवते. कुणी तिच्यातल्या एखाद्या नावाला हात लावला की नकाशाच्या फाइलमध्ये ते नाव शोधून माउंट करते आणि ठरलेला वेळ वापर झाला नाही की अनमाउंट करते. प्रोग्रामची मूळ मुदत ६०० सेकंदांची आहे, पण अनेक वितरणं सेटिंगच्या फाइलमध्ये ती ३०० करून देतात. नेटवर्कवरच्या होम डिरेक्टऱ्यांसाठी हीच व्यवस्था वर्षानुवर्षं वापरात आहे आणि ती भक्कम आहे.

चौथा पर्याय सिस्टमडीचाच ऑटोमाउंट. एफएसटॅबच्या ओळीत ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा शब्द घातला की त्या जागी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ऑटोएफएस थर बसतो. पहिला स्पर्श झाला की तो स्पर्श करणाऱ्या प्रोसेसला थांबवून ठेवतो, डिस्क माउंट होते आणि मग प्रोसेस पुढे जाते. माउंट झालंच नाही तर प्रोसेसला त्रुटी मिळते. रिकामी डिरेक्टरी हाती लागत नाही.

पाचवा पर्याय सगळ्यांत साधा: ऑटोमाउंट नकोच, बॅकअपच्या सेवेने सुरुवातीला माउंट करावं आणि शेवटी अनमाउंट. खरं सांगायचं तर फक्त रात्रीच्या बॅकअपचा प्रश्न असता तर मी हाच सुचवला असता. पण दिवसा संपादक मंडळींना कधीकधी जुनी प्रत उघडून बघावी लागायची, आणि त्यांना रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार देण्याची कुणाचीच इच्छा नव्हती.

निर्णय

तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायात निवड करायची होती. सिस्टमडीच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. वेगळं पॅकेज बसवावं लागत नव्हतं आणि माउंटची माहिती एफएसटॅबमध्येच राहत होती, जिथे पुढचा माणूस ती सर्वांत आधी शोधेल. शिवाय बॅकअपच्या सेवेत ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही ओळ लिहिली की माउंट अयशस्वी झाल्यास सेवा सुरूच होत नाही आणि ‘ऑन-फेल्युअर’ने ठरवलेला ईमेल जातो. ऑटोएफएसच्या बाजूचा मुद्दा वजनदार होता, तो शेवटी सांगतो. त्या टप्प्यावर दोनच डिस्का होत्या आणि त्यांचं लेबल एकच होतं, म्हणून सिस्टमडी निवडलं.

ओळीत ‘नोऑटो’ (बूट होताना आपोआप माउंट नको), ‘नोफेल’ आणि ऑटोमाउंटचा पर्याय घातला. डिस्कची वाट पाहण्याची मुदत ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ने १० सेकंदांवर आणली. डिस्क नसताना कुणी ते फोल्डर उघडलं तर दीड मिनिट खिडकी गोठून बसते आणि लोक वैतागून दुसरंच काहीतरी करू लागतात, ते टाळायचं होतं. ‘एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट’ (वापर नसेल तर अनमाउंट होण्याची मुदत) पाच मिनिटांचा ठेवला. एफएसटॅब बदलल्यावर ‘डिमन-रीलोड’ करावं लागतं, कारण सिस्टमडी ती फाइल वाचून स्वतःची युनिट (माउंट, सेवा यांच्या व्याख्या) तयार करतं. ते केलं नाही तर जुनीच युनिट चालू राहतात.

चाचणीत काय निघालं

डिस्क काढून ठेवून बॅकअप चालवून पाहिला, आणि ही चाचणी केली नसती तर पुढचं कळलंच नसतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला जादा खबरदारी म्हणून ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेची तपासणी घातली होती: ही जागा माउंट पॉइंट आहे का? डिस्क नसतानाही उत्तर ‘आहे’ असं आलं.

कारण ‘फाइंडएमएनटी’ या माउंटची यादी देणाऱ्या आज्ञेच्या उत्तरात स्वच्छ दिसतं. डिस्क माउंट असताना त्या एकाच मार्गासाठी दोन ओळी येतात. एकीत स्रोत ‘सिस्टमडी-१’ आणि प्रकार ‘ऑटोएफएस’. दुसरीत स्रोत ‘/डेव्ह/एसडीसी१’ आणि प्रकार ‘ईएक्सटी४’. डिस्क नसताना दुसरी ओळ जाते, पहिली राहते. म्हणजे ऑटोमाउंटची जागा हीसुद्धा तांत्रिक अर्थाने माउंटच आहे. जुन्या व्यवस्थेत पुरेशी असलेली तपासणी नव्या व्यवस्थेत निरुपयोगी ठरते, आणि ती गप्प राहून ठरते.

म्हणून दोन्ही डिस्कांच्या मुळाशी एक छोटी ओळख-फाइल ठेवली. तिच्यात डिस्कचं नाव, ‘अ’ किंवा ‘ब’. स्क्रिप्ट आधी ती फाइल वाचतं. वाचण्याच्या कृतीनेच ऑटोमाउंट जागा होतो, आणि फाइल मिळाली तर समोर खरी डिस्क आहे हे नक्की होतं. नाव बॅकअपच्या लॉगमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे कोणत्या रात्रीची प्रत कोणत्या डिस्कवर आहे हेही कळतं.

आणखी एक कुलूप लावलं. डिस्क माउंट नसताना, ऑटोमाउंट थांबवून, खालच्या रिकाम्या डिरेक्टरीला ‘चॅटर’ आज्ञेने इम्यूटेबल केलं. मग रूटलाही तिच्यात फाइल बनवता येत नाही, पण तिच्यावर माउंट मात्र करता येतं. ऑटोमाउंट असताना हे कशाला, असा प्रश्न तिथल्या एका सहकाऱ्याने विचारला आणि तो रास्त होता. उत्तर असं: डिस्क जोडलेली आहे पण तिची फाइल सिस्टम बिघडलेली आहे, अशा वेळी माउंट क्षणात फसतो. थोड्या सेकंदांत असं वारंवार झालं तर सिस्टमडी प्रयत्न सोडून देतं, ऑटोमाउंट युनिट अयशस्वी ठरवतं आणि ऑटोएफएसचा थर काढून घेतं. त्यानंतर उरते तीच रिकामी, उघडी डिरेक्टरी.

दुसरी अडचण: अनमाउंट होईना

माउंटची बाजू बसली. आता अपेक्षा अशी की बॅकअप संपल्यावर पाच मिनिटांत डिस्क आपोआप अनमाउंट होईल आणि सकाळी कुणीही ती निर्धास्त काढावी. प्रत्यक्षात सकाळी कधीही पाहिलं तरी डिस्क माउंटच असायची.

इथे सिस्टमडीच्या लॉगने फार मदत केली. ऑटोमाउंटला जेव्हा जाग येते तेव्हा लॉगमध्ये एक ओळ पडते: अमुक मार्गासाठी ऑटोमाउंटची विनंती आली, ती अमुक क्रमांकाच्या प्रोसेसने केली, आणि कंसात प्रोसेसचं नाव. त्या ओळी वाचल्या आणि गुन्हेगार नावानिशी सापडले. सर्व्हरवर देखरेख ठेवणारा एजंट दर मिनिटाला बॅकअपच्या मार्गावर किती जागा उरली ते विचारत होता. जागा विचारणं हादेखील स्पर्शच आहे. डिस्क उतरली की पुढच्या मिनिटाला एजंट तिला पुन्हा चढवत होता. पहाटे ‘लोकेट’ या शोध-आज्ञेसाठी फाइलींची यादी बनवणारं ‘अपडेटडीबी’ अख्खी डिस्क चाळत होतं, ते वेगळंच.

एजंटच्या यादीतून तो मार्ग काढला. उरलेली जागा आता बॅकअपचं स्क्रिप्टच, डिस्क माउंट असतानाच, नोंदवतं. ‘अपडेटडीबी’च्या वगळायच्या मार्गांत बॅकअपचा मार्ग घातला. त्यानंतर बहुतेक सकाळी डिस्क उतरलेली दिसू लागली. बहुतेक म्हणायचं कारण, एकदा ती दुपारपर्यंत तशीच होती. ‘फ्यूझर’कडे (कोणती प्रोसेस मार्ग अडवून आहे ते सांगणाऱ्या आज्ञेकडे) त्या मार्गाची चौकशी केली, तर एका संपादकाच्या टर्मिनलच्या प्रोसेससमोर ‘सी’ हे अक्षर आलं, म्हणजे त्या प्रोसेसची चालू डिरेक्टरी तीच. फाइल एकही उघडी नव्हती. पण शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणारा प्रोग्राम) त्या डिरेक्टरीत उभं होतं, आणि तेवढं पुरतं.

निष्क्रियतेनंतर होणारा अनमाउंट हा सोयीचा आहे, हमीचा नाही. केबल काढणाऱ्या माणसाला हमी लागते. फाइल कॉपी झाल्याचं दिसलं तरी मजकूर काही काळ मेमरीतच असतो. कर्नलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये बदललेली पानं (मेमरीचे तुकडे) ३० सेकंदांपर्यंत तशी राहू शकतात आणि डिस्क मंद असेल तर प्रत्यक्ष लिहायला त्याहून वेळ लागतो. ईएक्सटी४चं जर्नल (बदलांची नोंदवही) फाइल सिस्टमची रचना सावरतं, पण फाइलीतला न पोचलेला आवाज ते परत आणू शकत नाही.

म्हणून अदलाबदलीच्या दिवसासाठी एक छोटं स्क्रिप्ट लिहिलं. ते माउंट युनिट थांबवतं आणि यूडिस्क्सच्या आज्ञेने डिस्कची वीज बंद करतं. दिवा विझला की काढायची, एवढीच सूचना आता कागदावर आहे. कुणी डिस्क अडवून धरली असेल तर स्क्रिप्ट त्या प्रोसेसचं आणि वापरकर्त्याचं नाव दाखवून थांबतं.

हे लिहिताना दोन जागी वाद झाला. पहिला, अनमाउंट होत नसेल तर ‘लेझी’ अनमाउंट वापरू या का? मी ठाम नाही म्हटलं. लेझी अनमाउंट नाव लगेच काढून टाकतो, पण ज्या प्रोसेसने फाइल उघडी धरली आहे तिचं लिहिणं मागे चालूच राहू शकतं. केबल काढणाऱ्याला जे जाणून घ्यायचं आहे, नेमकं तेच तो लपवतो. दुसरा वाद, साधी ‘यूमाउंट’ आज्ञा का नको? कारण घाईत ती दोनदा चालली तर पहिल्यांदा डिस्क उतरते आणि दुसऱ्यांदा ऑटोएफएसचा थरच उतरतो. युनिट थांबवण्याची आज्ञा दोनदा दिली तरी असं होत नाही.

अनमाउंट आणि वीज बंद होणं यांच्या मधल्या क्षणात कुणी मार्गाला स्पर्श केला तर डिस्क पुन्हा माउंट होऊ शकते. तशा वेळी वीज बंद करण्याची आज्ञा नकार देते आणि स्क्रिप्ट पुन्हा प्रयत्न करायला सांगतं. वीज बंद करणं रोज रात्री मात्र ठेवलं नाही. तसं केलं तर केबल काढून परत जोडेपर्यंत डिस्क दिसणारच नाही आणि पुढच्या रात्रीचा बॅकअप हुकेल.

निकाल

त्यानंतर एकदा अदलाबदलीत जुनी डिस्क काढली गेली आणि नवी जोडायचीच राहिली. म्हणजे मूळ प्रसंगापेक्षाही मोठी विसर. त्या रात्री बॅकअपची सेवा सुरूच झाली नाही, ईमेल गेला, सकाळी डिस्क जोडून बॅकअप हाताने चालवला. रूट फाइल सिस्टमला धक्का लागला नाही आणि कॅटलॉग उघडा होता. डिस्क नसताना सर्व्हर रीस्टार्ट झाल्याचीही वेळ आली, तेव्हा तो न अडता वर आला.

एक कच्चा दुवा राहिला. कुणीतरी जुन्या प्रतीतून तुलना करायला दोन्ही डिस्का एकाच वेळी जोडल्या. लेबल एकच, त्यामुळे पुढच्या माउंटला कोणती डिस्क वर येईल हे सांगता येत नव्हतं. नुकसान झालं नाही, पण लॉगमध्ये त्या आठवड्यात मधल्या एका रात्री ‘अ’च्या जागी ‘ब’ दिसतो. ओळख-फाइल नसती तर ते कधी लक्षातही आलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

ओळख-फाइलची कल्पना ऑटोमाउंटशी जोडलेली नाही. जुन्या, हाताने माउंट करण्याच्या व्यवस्थेतही ती पहिल्या रात्रीच नुकसान टाळू शकली असती. अशी परिस्थिती कुणाकडे असेल आणि आज फक्त दहा मिनिटं हाताशी असतील, तर मी ऑटोमाउंटला हात न लावता आधी ही तपासणी आणि इम्यूटेबल डिरेक्टरी करायला सांगेन, आणि एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’. बाकी सावकाश.

सर्व्हरवर देखरेख, अनुक्रमणिका, अँटिव्हायरस असं काय काय त्या मार्गाला शिवतं, याची यादी ऑटोमाउंट लावण्याआधी करता आली असती. लॉगमधल्या त्या ओळीने ती नंतर फुकट करून दिली, पण तोवर काही आठवडे डिस्क माउंट असतानाच काढल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. त्या काळातल्या प्रती चेकसमने (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने) मूळ फाइलींशी ताडून पाहिल्या. सुदैवाने फरक निघाला नाही.

सर्वांत मोठा प्रश्न निवडीचा. आता संस्थेला तिसरी डिस्क घ्यायची आहे आणि एकाच लेबलची युक्ती ताणली जाते आहे. ऑटोएफएसच्या अप्रत्यक्ष नकाशात एक ओळ पुरते: डावीकडे तारांकन, उजवीकडे ‘बाय-लेबल’ डिरेक्टरीचा मार्ग आणि त्यापुढे अँपरसँड, जिथे मागितलेलं नाव आपोआप बसतं. मग प्रत्येक डिस्कला स्वतःचं लेबल देता येतं, दोन्ही एकत्र जोडल्या तरी गोंधळ नाही आणि चौथी डिस्क आली तर सेटिंगला हात लावायचं कारण नाही. शिवाय डिस्क नसेल तर ते नावच अस्तित्वात नसतं. दहा सेकंदांची वाट नाही, झाकली जाणारी रिकामी डिरेक्टरी नाही. मात्र डिस्क नसताना विचारणा झाली तर ते अपयश मूळ सेटिंगप्रमाणे मिनिटभर लक्षात ठेवलं जातं, त्यामुळे डिस्क जोडल्याजोडल्या फोल्डर उघडत नाही, हे संपादकांना आधी सांगावं लागेल.

बदल केला तर ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’चा आधार सुटतो, कारण डिस्कचं माउंट युनिट एफएसटॅबमधून तयार होणार नाही. मग कोणती डिस्क हजर आहे हे शोधणं, ओळख-फाइल वाचणं आणि काहीच न मिळाल्यास अपयशी ठरून ईमेल पाठवणं ही सगळी जबाबदारी स्क्रिप्टवर येईल. ते स्क्रिप्ट लिहून झालं आहे. सिस्टमडीच्या व्यवस्थेवर जी चाचणी केली तीच, म्हणजे एकही डिस्क न जोडता रात्रभर चालवून पाहणं, नव्या व्यवस्थेवर झाल्याशिवाय ते सर्व्हरवर चढवायचं नाही असं ठरलं आहे.